चावी कोणाकडे होती

हे सांगायचं मी पंधरा वर्षं टाळलं. संधी पुष्कळ आल्या, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. कधी सोयाबीनच्या भावावर, कधी माझ्या गुडघ्यांवर. आता बाहत्तरी उलटली आहे. ज्याला सांगायचं होतं तो राहिला नाही, आणि काय घडलं ते माझ्याशिवाय पूर्ण कोणालाच ठाऊक नाही. मी गेलो की कागदावर जे आहे तेच खरं ठरेल, आणि कागदावर खोटं आहे.

नावं लिहीत नाही. ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याचं नाव एका कागदावर ‘निष्काळजीपणा’ या शब्दाच्या शेजारी आधीच लिहिलं गेलं आहे. तेवढं पुरे.

वाशीमच्या बाहेर एका खाजगी कंपनीचं धान्याचं गोदाम होतं. तीन शेड, एक वजनकाटा, एक ऑफिसची खोली. तूर, हरभरा, सोयाबीन, जो हंगाम असेल त्या मालाच्या थप्प्या छताला लागायच्या. मी तिथला गोदामपाल, बावीस वर्षं. दिवसपाळीचा पहारेकरी मेडशीचा होता, माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. तो कंपनीचा नोकर नव्हता, एका एजन्सीचा होता. पण त्याची चौदा वर्षं माझ्याच हाताखाली गेली. सकाळच्या यष्टीने यायचा, संध्याकाळच्या यष्टीने जायचा. खाकी शर्टाला भाताची कांजी करून यायचा, त्यामुळे तो चालला की बाह्यांचा कागदासारखा आवाज यायचा. ट्रकवाले त्याची टर उडवायचे.

“काय फौजदार, आज कोणाले अटक?”

“तुलेच करतो. हॉर्न वाजवाची लय खाज आहे तुले.”

तो चिडायचा नाही. पण त्याची पाळी असताना गेटमधून चिठ्ठीशिवाय धान्याचा एक कट्टा बाहेर गेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तेव्हा सांगायला हवं होतं.

आता दोन रीती सांगतो, कारण सगळं त्यांच्यावर येऊन थांबतं.

पहिली रीत चाव्यांची. नियम असा होता की शेडच्या पुढच्या दाराची चावी पहारेकऱ्याकडे आणि मागच्या दाराची माझ्याकडे. रोज सकाळी ज्याने जी चावी घेतली त्याने रजिस्टरमध्ये तिच्यासमोर सही करायची. पण पहारेकरी सातला यायचा आणि मी नऊला. मग तोच दोन्ही चाव्यांसमोर सही करायचा, आणि मी आलो की मागची चावी माझ्या हातात द्यायचा. पहिल्या वर्षी एकदा तो रजिस्टर घेऊन आला होता. “साहेब, तुमी घेतली असं लिहा ना इथं.” मी हसलो होतो. म्हणालो, “आपल्या दोघांत कायचं रजिस्टर?” त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. चौदा वर्षं रजिस्टर एक सांगत होतं आणि चावी माझ्या खिशात होती.

दुसरी रीत कुलपाची. गोदामात माल चढला-उतरला की खाली धान्य सांडतं. ते झाडायला तीन बाया यायच्या. झाडून झालं की मातीत मिसळलेलं धान्य, ज्याला मातेरं म्हणतात, ते चाळून चांगला दाणा कंपनीचा आणि उरलेलं त्यांचं. कोणती शेड झाडायची आहे ते सांगत फिरायचा मला कंटाळा. म्हणून जी शेड झाडायला मोकळी असेल तिचं कुलूप मी कोयंड्यात नुसतं अडकवून ठेवायचो, न दाबता. लटकतं कुलूप दिसलं की बाया न विचारता आत जायच्या. दाबलेलं कुलूप म्हणजे हात लावायचा नाही. ही खूण मीच पाडली होती. कुठे लिहिलेली नव्हती, कोणी बाहेरचा माणूस पाहून ओळखणार नाही अशी होती. बायांना मात्र ती पाठ होती, आणि माझ्या हाताला ती सवय झाली होती.

त्या वर्षी दोन नंबरच्या शेडमध्ये तुरीला भुंगा लागला. अकोल्याहून माणसं येऊन गोळ्या टाकून गेली. या गोळ्यांचा वायू होतो, किडा मरतो आणि माणूसही मरू शकतो. सात दिवस शेड पॅक. आठव्या दिवशी दोन्ही दारं उघडून हवा खेळवायची, गोळ्यावाला येऊन यंत्राने तपासणार, त्याने हो म्हटल्यावरच आत पाऊल टाकायचं. पुढच्या दारावर कवटीचं चित्र असलेला बोर्ड लावला होता. मागच्या दारावर बोर्ड नव्हता. एकच बोर्ड दिला होता आणि दुसरा मागायचं मला सुचलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. उद्या तूर भरायची आहे, गाड्या निघाल्यात. मी म्हणालो, उद्या तर शेड उघडायची आहे. ते म्हणाले, “मग बघा तुम्ही काय ते.” मी पाहिलं. दुपारी एकच्या सुमाराला मागचं दार उघडून टाकलं, म्हणजे वायू एक दिवस आधी निघायला लागेल. लसणासारखा उग्र वास आला. मी मागे सरलो. पहारेकरी म्हणाला, “साहेब, मी बसतो इथं. कोणाले येऊ देत नाही.” आणि खरंच वाऱ्याच्या उलट्या बाजूला, वीसेक पावलांवर, निंबाखाली खुर्ची टाकून बसला.

तासाभराने काट्यावर गोंधळ सुरू झाला. काटेवाला साळ्याच्या लग्नाला गेलेला. दोन गाड्या एकदम आलेल्या, तिसरी रस्त्यावर आडवी. ड्रायव्हर एकमेकांच्या आईबहिणीपर्यंत पोचलेले. काटा कसा चालवायचा ते माझ्याशिवाय फक्त पहारेकऱ्याला माहीत होतं, आणि मला ऑफिसात चिठ्ठ्या करायच्या होत्या. मी त्याला फोन लावला.

“ये रे इकडे, पाच मिनिटं.”

“साहेब, दार?”

“दाराचं मी पाहतो. तू ये.”

तो आला. मी शेडच्या मागे गेलो, दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप अडकवलं. अडकवलं, दाबलं नाही. कुलूप दाबायला चावी लागत नाही, अंगठा लागतो. गाड्या निघाल्या की पुन्हा दार उघडायचंच आहे, असं तेव्हा डोक्यात होतं की नव्हतं, हे आता मला खरंच सांगता येत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने हाताने जे केलं ते केलं. आणि मी ऑफिसात जाऊन चिठ्ठ्या लिहायला लागलो.

बायांपैकी एक, चाळिशीची असेल, एक नंबरची शेड झाडून मागून येत होती. तिला लटकतं कुलूप दिसलं. बाकीच्या दोघी भाकर खायला बसल्या होत्या. आधी गेलं तर मातेरं जास्त मिळतं. चपला दाराबाहेर काढून ती झाडू आणि सूप घेऊन आत गेली.

पहारेकरी अर्ध्या तासाने परतला तेव्हा त्याला त्या चपला दिसल्या. त्याने कोणाला हाक मारली नाही, माझी वाट पाहिली नाही. दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि आत गेला. मला ऐकू आली ती त्याची शिट्टी. चौदा वर्षांत त्याने ती कुत्र्यांवर सोडून कशावरही वाजवली नव्हती. मी धावत गेलो तर बाई बाहेर मातीवर पडलेली, ओठ निळे, आणि हा तिच्याशेजारी गुडघ्यावर बसून ओकतो आहे. ओकता ओकता म्हणाला, “गाडी पाहा साहेब, गाडी पाहा.”

बाई वाचली. नऊ दिवस अकोल्याला दवाखान्यात होती. पण छाती गेली ती गेलीच. पुढे तिच्याने पाण्याची कळशी उचलेना. मी केळी घेऊन भेटायला गेलो होतो. ती बोलली ते हळू, दम घेत. “कुलूप पाहूनच गेले मी, साहेब.” मी म्हणालो, “बोलू नोका तुमी, आराम करा.” तेव्हा मला वाटलं मी तिच्या काळजीने बोललो.

पोलिसात नोंद झाली. एजन्सीने आणि कंपनीने मिळून चौकशी लावली. आदल्या संध्याकाळी मालकांचा फोन आला. आवाज नेहमीचाच, शांत. “तुम्ही जास्त बोलू नका. रजिस्टर आहे ना आपल्याकडे?” मला त्यांनी खोटं बोलायला सांगितलं नाही. हे मी इथे स्वच्छ लिहितो, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःशी त्यांच्यावर ढकलत राहिलो.

चौकशी ऑफिसच्याच खोलीत झाली. नागपूरहून आलेले अधिकारी माझ्या खुर्चीवर, एजन्सीचा माणूस खिडकीपाशी, मी स्टुलावर आणि पहारेकरी उभा. कांजी केलेला शर्ट घालून आला होता. अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“मागच्या दाराची चावी कोणाकडे होती?”

“साहेबाजवळ. रोजच राहते.”

अधिकाऱ्यांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. “ही सही कोणाची?”

“माहीच.”

“दोन्ही चाव्या ताब्यात मिळाल्या, असं लिहिलंय.”

“लिहितो आमी तसं. पण साहेब आले का त्यायले देतो.”

“म्हणजे लिहितोस एक आणि करतोस एक.”

एजन्सीचा माणूस हसला. पहारेकरी माझ्याकडे पाहायला लागला. त्या पाहण्यात विनवणी नव्हती. आता साहेब सांगतील आणि हे मिटेल, अशा भरवशाने तो पाहत होता, जसा काट्यावर वजन जुळलं नाही की पाहायचा. अधिकारी मला म्हणाले, “तुमचं काय म्हणणं आहे?”

मी म्हणालो, “रजिस्टरप्रमाणे दोन्ही चाव्या पहारेकऱ्याच्या ताब्यात होत्या.”

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते रात्रभर जागून तयार केलं होतं, आणि ते इतकं नीट तयार झालं होतं की बोलताना अडखळलोही नाही. पुढे त्यांनी विचारलं, पहारा सोडून तो काट्यावर का गेला. मी म्हणालो, मी बोलावलं होतं, पण दार नीट बंद करून येणं त्याचं काम होतं. हे मात्र सरळ खोटं होतं, आणि पहिल्या वाक्यानंतर ते सोपं गेलं.

बाईचा जबाब वाचून दाखवला. त्यात होतं, ‘कुलूप लटकलेले होते म्हणून मी आत गेले.’ अधिकारी म्हणाले, “बघा, तीसुद्धा सांगते कुलूप उघडं होतं.” लटकतं कुलूप म्हणजे काय हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एकाचं आता कोणी ऐकत नव्हतं. दुसरा मी.

जबाबावर मी सही केली. त्या सहीने मी त्या खोलीत अडकलो. तिथून बाहेर पडायचं दार रोज दिसायचं, आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा जड झालेलं असायचं. दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर ‘काल का नाही बोललात’ एवढंच ऐकावं लागलं असतं. महिन्याने बोललो असतो तर नोकरी गेली असती. वर्षाने बोललो असतो तर पोलिसांची केस माझ्या नावावर फिरली असती. असा हिशोब करत मी बसून राहिलो.

त्याला एजन्सीने काढलं. पत्रात लिहिलं, कर्तव्यात गंभीर निष्काळजीपणा. बाईच्या दवाखान्याचा खर्च म्हणून त्याचं जे काही निघत होतं ते कापून घेतलं. पोलिसांची केस त्याच्यावर, त्यामुळे दुसरीकडे पहाऱ्याची नोकरी मिळेना. आता सगळीकडे आधी पोलिसांचा दाखला मागतात. चौदा वर्षं एकच काम येत असलेला माणूस लोकांच्या संत्र्याच्या बागा राखायला लागला, वानरं हाकलायला. तो कामगार कोर्टात गेला. पैशासाठी गेला असं सगळे म्हणाले. तो त्या पत्रातला शब्द काढून टाकावा म्हणून गेला होता. हे मला त्याने स्वतः सांगितलं.

माझी साक्ष लागली तेव्हा निवृत्तीला मला वर्ष राहिलं होतं. तारखेच्या आठवडाभर आधी, एका रविवारी तो वाशीमला माझ्या घरी आला. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा. बायकोने त्याला बसवलं, पोहे केले. तो खुर्चीच्या टोकावर बसला.

“साहेब, मी काही मांगाले नाही आलो. वकील म्हणते, साहेबानं एक सांगलं तर झालं. चावी कोणाजवळ राहे, एवढंच.”

मी म्हणालो, “हो, सांगतो ना.”

“तुमच्या नोकरीवर येईन असं नोका सांगू. दोघायनं मिळून नियम मोडला, असं सांगजा. सही खोटी तं मीबी केली ना. अर्धं माह्यावर टाका, काही हरकत नाही.”

अर्धं. मी त्याच्यावर सगळं टाकलं होतं, आणि तो अर्धं स्वतःकडे ठेवून घ्यायला तयार होता.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “सांगतील हो भाऊ. काहून नाही सांगणार? त्यायले कोणाची भीती आहे?”

तो हसला. पोह्यांची बशी रिकामी करून गेला. जाताना बायकोला म्हणाला, “वैनी, शेंगा उकडून खाजा. मीठ टाकून. साहेबाले आवडते.”

तारखेच्या दिवशी मी वाशीमहून सकाळची अकोला गाडी पकडली. मालेगाव गेलं, आणि मेडशी येईपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नाही की त्यालाही याच गाडीने जावं लागणार. गाडी थांबली. तो चढला. सगळ्या गाडीत नेमकी माझ्याशेजारची जागा रिकामी होती.

“बरं झालं, सोबत झाली,” तो बसत म्हणाला.

पुढचा सव्वा-दीड तास मी खिडकी आणि त्याच्या खांद्याच्या मध्ये होतो. मी तिकीट काढलं आहे का ते त्याने विचारलं. सोयाबीनच्या ओलाव्याबद्दल बोलला. पातूरच्या घाटात फडक्यातून भाकर आणि ठेचा काढला, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. कंडक्टर त्याच्या ओळखीचा निघाला, म्हणाला, “काय काका, पुन्हा तारीख? अन् हे?”

“हे माह्याकडून हायेत,” तो म्हणाला.

कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, “आधीच्या जबाबावर सही आहे तुमची. तेवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.” मी आत गेलो. चावी कोणाकडे होती, हा प्रश्न आला आणि माझ्या तोंडून तेच तयार वाक्य बाहेर पडलं, जसंच्या तसं. त्याचा वकील उठला. “रजिस्टर सोडा. प्रत्यक्षात कोणाकडे असायची?” मी म्हणालो, “आता आठवत नाही.” वकिलाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, आठवत नाही. त्या बाजूला मी पाहिलं नाही. तो कसा बसला होता, त्याने काय केलं, हे मला माहीत नाही. त्याचा शर्ट मात्र डोळ्याच्या कडेला दिसत होता.

बाहेर आलो तर तो पायऱ्यांवर उभा. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला बरं वाटेल. तो म्हणाला, “तीनची गाडी आहे साहेब, भेटून जाईन तुमाले.” म्हणजे गाडी मला मिळेल. मी म्हणालो, मला अजून काम आहे इथे. काम काही नव्हतं. अकोल्याच्या स्टँडवर मी एका बाकड्यावर बसून राहिलो आणि दोन गाड्या जाऊ दिल्या.

घरी बायकोने दारातच विचारलं, “सांगितलंत ना?”

“हो.”

“बरं झालं. बिचारा.”

तो हरला. वर्षभराने मी निवृत्त झालो. गोदामातच मंडप टाकून शाल, नारळ, पेढे. मालक भाषणात म्हणाले की इतक्या वर्षांत या माणसावर एक ठपका नाही. टाळ्या वाजल्या. झाडणाऱ्या बायांपैकी दोघी मागे उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही.

बायको अधूनमधून विचारायची, “त्यायचं काय झालं हो केसचं?” मी सांगायचो, चालू आहे अजून, कोर्टाची कामं. पाच-सहा वर्षांनी तिने विचारणं सोडलं. हे लिहिलेलं ती वाचणार आहे. चाळीस वर्षांहून जास्त संसार झाला, आणि आपण कोणाबरोबर राहिलो हे तिला या वहीतून कळेल.

मेडशीला जायचं मी किती वेळा ठरवलं. दोनदा स्टँडवर जाऊन परत आलो. एकदा गाडीत बसलो आणि मालेगावला उतरून भाजी घेऊन परतलो. गेल्या वर्षी, थंडीत, एकदाचा पोचलो. घर विचारत गेलो. तो अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होता. खूप बारीक झाला होता. मला पाहून उठला, हाक मारून घरच्यांना बोलावलं, शेजारचे दोघं-तिघं आले.

“हे आमचे गोदामातले साहेब. चौदा वर्षं राह्यलो यायच्या हाताखाली.”

एका शेजाऱ्याने विचारलं, “तेच का? केसवाले?”

“हं,” तो म्हणाला. “यायचाबी नाइलाज होता.”

चहा आला. एवढ्या माणसांत काय बोलणार, असं मी मनाशी म्हटलं आणि चहा प्यालो. चहा फार गोड होता. उठलो तेव्हा तो काठी घेऊन सोबत निघाला. मी नको म्हटलं, पण तो आलाच. रस्ता आता चौपदरी झाला आहे. थांब्यावर कोणी नव्हतं. आम्ही दोघंच उभे. गाड्या भरधाव जात होत्या.  मग त्याने माझ्याकडे न पाहता विचारलं,

“काही बोलाचं होतं का, साहेब?”

मी म्हणालो, “नाही रे. सहजच आलो होतो.”

“बरं केलं,” तो म्हणाला.

वाशीमची गाडी आली. त्याने हात करून थांबवली. पायरी उंच होती. माझा गुडघा उचलेना, तर त्याने काठी बगलेत धरून मला कोपराला हात दिला. मी आत जाऊन बसलो. तो खाली उभा राहून कंडक्टरला सांगत होता, यायले जागा द्या, म्हातारं माणूस आहे.

उन्हाळ्यात काटेवाल्याचा फोन आला, आपला पहारेकरी गेला म्हणून. बायको म्हणाली, जाऊन या. मी म्हणालो, गुडघे दुखतात.

थांब्यावर त्या दिवशी काय बोलायचं ते माझं जाताना गाडीतच ठरलं होतं. शब्दही ठरले होते, त्याच्याच बोलीत, म्हणजे मला लपायला जागा राहू नये. ते आता लिहितो.

भाऊ, चावी माह्याजवळ होती. रोजच राहे. मागचं दार मी उघडलं, कुलूप मी लटकवलं, अन् तुले काट्यावर मीच बोलावलं. तू त्या बाईले जीव धोक्यात घालून बाहेर काढलं. चौकशीत मी भेलो, अन् कोर्टात खोटं बोललो. आठवत नाही म्हणलो, पण सगळं आठवत होतं. तुही काहीच चूक नव्हती. अर्धीबी नव्हती. मले माफ कर.